तंत्रज्ञान विद्यापीठात व्यवस्थापनाची पदवी : अर्ज कोणत्या क्रमाने करावा

बारावीनंतर व्यवस्थापन शिकायचे आणि तेही अभियांत्रिकी, संगणक व विदा-विश्लेषणाच्या (डेटा ॲनालिसिसच्या) वातावरणात, असे ठरवणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे. कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेशाचे मार्गदर्शन करताना मला दर जूनमध्ये एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. मुले आणि पालक आधी संस्था पसंत करतात, मग शुल्क विचारतात, मग वसतिगृह पाहून येतात आणि पदवीचे नेमके नाव सर्वांत शेवटी वाचतात. वास्तविक प्रवेश परीक्षा कोणती, शिष्यवृत्ती मिळेल की नाही आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणाला कोणती दारे उघडतील, हे तिन्ही प्रश्न संस्थेच्या नावापेक्षा पदवीच्या नावावर अधिक अवलंबून असतात. त्यामुळे पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पूर्ण करावेत. कागदपत्रांचा टप्पा चौथा असला तरी त्याची तयारी अकरावीतच सुरू करावी लागते, हा एकच अपवाद.

टप्पा १ : पदवीचे पूर्ण नाव कागदावर लिहा

ज्या संस्थांचा विचार चालू आहे, त्या प्रत्येकीच्या माहितीपुस्तिकेतून पदवीचे नाव जसेच्या तसे, कंसातील शब्दांसह, एका वहीत उतरवून घ्यावे. जाहिरातीतले नाव घेऊ नये. जाहिरातीत 'मॅनेजमेंट विथ एआय' असे छापलेले असते आणि गुणपत्रिकेवर साधे 'बीबीए' येते, किंवा याच्या अगदी उलट घडते. तंत्रज्ञानाकडे कल असलेल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत आज साधारणपणे पुढील प्रकार आढळतात.

पहिला प्रकार म्हणजे बीबीए, बीएमएस किंवा बीबीएम, म्हणजे बारावीनंतरची व्यवस्थापनाची पदवी. नावे विद्यापीठागणिक बदलतात. मुंबईत बीएमएस रुळले, तर पुण्यात आणि कोल्हापुरात बीबीए. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ही पदवी तीन वर्षांची किंवा चार वर्षांची ऑनर्स अशी घेता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्ससाठी किमान १६० श्रेयांक लागतात. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घ्यायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असावे लागतात. चार वर्षांची ऑनर्स पदवी असलेल्याला एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची वाट आता उपलब्ध आहे. म्हणून चौथे वर्ष वाया जाते, असे समजून ते आधीच नाकारू नये.

दुसरा प्रकार बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज). हा कसा आला, ते समजून घेतले की पुढचा बराच गोंधळ टळतो. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस आणि बीसीए (संगणक उपयोजनाची पदवी) हे अभ्यासक्रम आपल्या मान्यतेच्या कक्षेत घेतले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, लागू झाली. त्या वेळी मुंबई विद्यापीठाच्या परवानगीने अनेक महाविद्यालयांनी बीएमएसऐवजी बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) सुरू केले. त्याला सीईटी लागत नाही. त्यातील विषय बीएमएसच्या बऱ्याच जवळचे असतात. पण ती पदवी वाणिज्य शाखेची आहे आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच्या शुल्क सवलती तिला लागू होतीलच, असे गृहीत धरता येत नाही.

तिसरा प्रकार पाच वर्षांचा एकात्मिक एमबीए. चौथा प्रकार बी.टेक. आणि एमबीए यांची सांगड. मुंबईच्या एनएमआयएमएस या अभिमत विद्यापीठाचा पाच वर्षांचा 'एमबीए टेक' हे त्याचे परिचित उदाहरण आहे. पाचवा प्रकार मुळात अभियांत्रिकीचाच असतो, पण त्यावर व्यवस्थापनाची छाप असते. टीसीएसने आखलेला 'कॉम्प्युटर सायन्स अँड बिझनेस सिस्टिम्स' हा बी.टेक. अभ्यासक्रम त्यात येतो. तसेच कोणत्याही शाखेचा बी.टेक. करताना तंत्रशिक्षण परिषदेच्या रचनेनुसार १८ ते २० जादा श्रेयांक मिळवून व्यवस्थापनात मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, घेण्याची सोयही त्यातच येते.

या प्रकारांकडे बारकाईने पाहिले की विद्यार्थ्याला खरोखर काय हवे आहे, हा प्रश्न समोर येतो. ज्याला गणित आणि प्रोग्रामिंग आवडते, पण यंत्रशाळेत किंवा सर्किटच्या प्रयोगशाळेत चार वर्षे घालवायची नाहीत, त्याला विश्लेषणावर भर देणारी बीबीए योग्य ठरते. ज्याला अभियंताच व्हायचे आहे आणि व्यवसायाची समजही हवी आहे, त्याने बीबीएच्या मागे लागू नये, बी.टेक. व मायनर हा त्याचा मार्ग. पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम मात्र तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडता येते का, हे लेखी वाचल्याशिवाय निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सतराव्या वर्षी पुढच्या पाच वर्षांची निवड करणे सोपे नसते आणि मुलांची आवड दुसऱ्या वर्षात बदलते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

*सावधान :* सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची बीबीए (सीए) ही पदवी नावाने व्यवस्थापनाची वाटते. तिथे 'सीए' म्हणजे चार्टर्ड अकाउंटन्सी नव्हे, तर कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. तिच्यातील बहुतेक विषय संगणकाचे असतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने प्रवेश घेऊन दीड महिना झाल्यावर हे लक्षात आल्याचे सांगितले, तोवर फेऱ्या संपल्या होत्या. तिचे वर्ष गेले नाही, पण हवा असलेला अभ्यासक्रमही मिळाला नाही.

टप्पा २ : पदवी देणार कोण आणि शिकवणार कुठे

'तंत्रज्ञान विद्यापीठ' हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो. विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारातील विभाग, विद्यापीठाशी संलग्न असलेले खासगी महाविद्यालय आणि अभिमत किंवा खासगी विद्यापीठ, या तिन्ही ठिकाणी अनुभव, शुल्क आणि नियम वेगळे असतात. रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचे उदाहरण घ्यावे. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देण्याचा अधिकार मिळाला. त्यामुळे पदवीवर विद्यापीठाचे नाव असले तरी वर्ग प्रत्यक्षात लोणेऱ्याला भरतात की तिथून कित्येक मैल दूर असलेल्या एखाद्या महाविद्यालयात, हे आधी पाहावे लागते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि प्राध्यापक तुम्हाला मिळतील, असे नावावरून गृहीत धरू नये.

दिल्लीचे उदाहरणही उपयोगी आहे. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी, म्हणजे २००९ मध्ये विद्यापीठ झालेले जुने दिल्ली कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, बीबीए चालवते. पण ती बवाना रस्त्यावरील मुख्य आवारात नव्हे, तर पूर्व दिल्लीतील विवेक विहारच्या आवारात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी एकाच ठिकाणी शिकतील, या अपेक्षेने जाणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे.

मान्यतेचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवावा. संलग्न महाविद्यालयाला आणि अभिमत विद्यापीठाला तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते. ही मान्यता मुदतवाढीच्या पत्राच्या रूपाने मिळते आणि त्यात अभ्यासक्रमाचे नाव व प्रवेश क्षमता स्पष्ट लिहिलेली असते. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागाला मात्र परिषदेची पूर्वपरवानगी आवश्यक नाही; २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात तसा निर्णय दिला. म्हणून विद्यापीठाच्या विभागाकडे हे पत्र नाही म्हणून घाबरू नये, आणि महाविद्यालयाकडे ते नसेल तर 'येईल लवकरच' या उत्तरावर विसंबून राहू नये.

*तपासा :* मुदतवाढीचे पत्र चालू शैक्षणिक वर्षाचे आहे का? त्यातील अभ्यासक्रमाचे नाव तुमच्या वहीतील नावाशी अक्षरशः जुळते का? संस्थेच्या संकेतस्थळावरील अनिवार्य प्रकटीकरणात व्यवस्थापन विभागाच्या पूर्णवेळ प्राध्यापकांची नावे दिली आहेत का?

टप्पा ३ : परीक्षा आणि तिची मुदत

येथे वेळेचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक चुका अभ्यास कमी पडल्याने नव्हे, तर अर्जाची मुदत निघून गेल्याने होतात.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत बीबीए, बीएमएस किंवा बीबीएमला प्रवेश हवा असेल, तर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी द्यावी लागते. ही परीक्षा पहिल्यांदा २९ मे २०२४ रोजी झाली. तिचा आराखडा १०० प्रश्न, १०० गुण आणि ९० मिनिटे असा होता : इंग्रजीचे ४०, तर्कक्षमतेचे ३०, सामान्य ज्ञानाचे १५ आणि संगणकाच्या मूलभूत माहितीचे १५ प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नव्हते. इंग्रजीचे वजन पाहता मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने रोज अर्धा तास उतारावाचनाला दिला, तर त्याचा लाभ तर्कक्षमतेच्या प्रश्नांतही होतो, कारण ते प्रश्नही इंग्रजीतच वाचावे लागतात. आराखडा दरवर्षी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून पुन्हा पडताळून घ्यावा.

पहिल्या वर्षी जागांच्या मानाने परीक्षार्थी कमी आल्याने ऑगस्टमध्ये अतिरिक्त सीईटी घेण्यात आली. त्यानंतर 'राहिलो तर अतिरिक्त परीक्षा आहेच' असा समज पसरला. तो घातक आहे. अतिरिक्त परीक्षा दरवर्षी होईलच असे नाही. झाली तरी वर्ग उशिरा सुरू होतात, शिष्यवृत्तीच्या तारखा अंगावर येतात आणि वसतिगृहाच्या जागा भरलेल्या असतात.

राज्याबाहेरच्या तंत्रज्ञान विद्यापीठांत जायचे असेल, तर सीयूईटीकडे, म्हणजे विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठीच्या देशपातळीवरील सामाईक परीक्षेकडे, लक्ष द्यावे. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या बीबीएचे प्रवेश अलीकडे या परीक्षेच्या गुणांवर होतात. सीयूईटीचा अर्ज जानेवारी ते मार्चच्या सुमारास भरावा लागतो, म्हणजे बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी. आणि नेमके तिथेच आपल्याकडचे विद्यार्थी मागे पडतात. २०२५ पासून या परीक्षेत जास्तीत जास्त पाच विषय निवडता येतात. प्रत्येक विषयाला ५० प्रश्न आणि ६० मिनिटे असतात. बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. राज्याच्या सीईटीत अंदाजाने उत्तर नोंदवून काही बिघडत नाही, इथे बिघडते. दोन्ही परीक्षा देणाऱ्याने ही सवय जाणीवपूर्वक बदलावी.

विषय निवडताना आधी विद्यापीठाची विषय-अट वाचावी आणि मगच अर्ज भरावा. अनेक जण आवडीचे विषय निवडतात आणि जुलैमध्ये कळते की बीबीएसाठी गणित किंवा सामान्य चाचणी (जनरल टेस्ट) आवश्यक होती. चाचणी न दिलेल्या विषयाचे गुण नंतर कोठूनही आणता येत नाहीत.

*सावधान :* दिल्लीच्या या विद्यापीठात ८५ टक्के जागा दिल्लीतील शाळांतून बारावी झालेल्यांसाठी असतात आणि १५ टक्के बाहेरच्यांसाठी. येथे कुटुंब कुठले आहे यापेक्षा बारावीची शाळा कुठे आहे, हे मोजले जाते. दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलाने बारावी तिथेच केली असेल, तर तो पहिल्या गटात येतो. बारावीपुरता पुण्याला परत आलेला त्याचा भाऊ मात्र दुसऱ्या गटात जातो.

अभिमत आणि खासगी विद्यापीठे बहुधा स्वतःची परीक्षा घेतात. अशा किती परीक्षा द्याव्यात, याला मर्यादा असावी. दोन पुरेत. प्रत्येक अर्जाचे शुल्क वेगळे असते आणि मे महिन्यात एकामागून एक परीक्षा देऊन थकलेला विद्यार्थी मुख्य परीक्षेत कमी पडतो.

टप्पा ४ : कागदपत्रे, आणि केंद्राचा व राज्याचा नमुना

जूनमध्ये सेतू केंद्राबाहेर लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा टप्पा अकरावीत का सुरू करावा, हे समजावून सांगावे लागत नाही.

१. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका यांतील नाव, आडनाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, हे आधी पाहावे. दाखल्यावर आईचे नाव चुकले असेल, तर बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच शाळेकडून दुरुस्त करून घ्यावे.

२. राखीव प्रवर्गातून प्रवेश हवा असेल, तर केवळ जातीचा दाखला पुरेसा नसतो. जात वैधता प्रमाणपत्रही लागते. पडताळणी समितीकडे अर्ज करताना वडिलांच्या बाजूचे जुने शालेय आणि महसुली पुरावे जोडावे लागतात आणि ते गोळा करण्यात महिने जातात. अर्ज केल्याच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळण्याची सवलत शासन काही वेळा देते, परंतु मुदतीत प्रमाणपत्र सादर झाले नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश जातो.

३. इतर मागास, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आवश्यक असते. त्याची वैधता ३१ मार्चला संपते, म्हणून प्रमाणपत्रावरील तारीख प्रवेशाच्या वर्षासाठी पुरते का, हे पाहूनच ते अपलोड करावे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही वर्षाशी बांधलेले असते.

४. दिल्लीसारख्या ठिकाणी अर्ज करणाऱ्यांनी सर्वांत जास्त काळजी इथे घ्यावी. महाराष्ट्रातील इतर मागास प्रवर्गाची यादी आणि केंद्राची यादी एकच नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, ते तपासून केंद्राच्या नमुन्यातील स्वतंत्र प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून घ्यावे लागते. एसईबीसी हा प्रवर्ग महाराष्ट्राचा आहे. केंद्राच्या प्रवेशात त्याचा उपयोग नाही. आर्थिक दुर्बल घटकासाठीही केंद्राचा नमुना वेगळा आहे, आणि तिथे आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेबरोबर शेतजमीन व घर यांच्याही मर्यादा पाहिल्या जातात.

*तपासा :* प्रत्येक कागदाची सरळ, पूर्ण पानाची आणि वाचता येणारी प्रत तयार ठेवावी. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो छाननीत परत येतो, आणि परत आलेला अर्ज दुरुस्त करण्यासाठी अनेकदा एक-दोन दिवसच मिळतात. प्रवेशाच्या काळात दिलेला मोबाइल क्रमांक घरातल्या अशा व्यक्तीचा असावा, जी संदेश रोज वाचते.

टप्पा ५ : अभ्यासक्रम स्वतः वाचा

परीक्षा झाल्यापासून निकाल लागेपर्यंतचा काळ बहुतेकांचा रिकामा जातो. तो अभ्यासक्रम वाचण्यात घालवावा. तंत्रज्ञान विद्यापीठातील व्यवस्थापनाच्या पदवीत खरोखर तंत्रज्ञान आहे का, हे ओळखण्याचा दुसरा उपाय नाही.

आधी सत्रनिहाय विषयांची यादी आणि श्रेयांक मिळवावेत. तंत्रशिक्षण परिषदेने बीबीएसाठी नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला आहे. तो समोर ठेवून तुलना केली की संस्थेने काय वाढवले आणि काय गाळले, ते लगेच दिसते. मग गणिताची साखळी शोधावी. पहिल्या वर्षी व्यवसायगणित आणि संख्याशास्त्र, दुसऱ्या वर्षी संशोधनपद्धती आणि विदा-विश्लेषण, तिसऱ्या वर्षी ऑपरेशन्स रिसर्च किंवा पुरवठा साखळी, अशी एकावर एक रचना असेल तर अभ्यासक्रम विचारपूर्वक बांधला आहे, असे समजावे. पहिल्या वर्षी संख्याशास्त्र नाही आणि तिसऱ्या वर्षी अचानक 'बिझनेस ॲनालिटिक्स' असे नाव दिसते, तिथे तो विषय बहुधा व्याख्या पाठ करण्यापुरता उरतो.

त्यानंतर प्रात्यक्षिकाचे तास मोजावेत. पायथॉन ही संगणकभाषा, विदासंच हाताळणी किंवा ईआरपी (कंपनीचे सर्व व्यवहार सांभाळणारी संगणकप्रणाली) शिकवणार असे लिहिले असेल, तर त्या विषयाला संगणककक्षातील तास स्वतंत्र दिलेले आहेत का? फक्त व्याख्यानाचे तास असतील, तर विद्यार्थी परीक्षेत कागदावर प्रोग्राम लिहितो आणि नोकरीच्या मुलाखतीत यंत्रासमोर बसल्यावर अडखळतो.

शेवटी विद्यार्थ्यांनी दोन प्रश्न विचारावेत, आणि ते स्वागतकक्षात नव्हे तर विभागप्रमुखांना. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी विभागाचा ऐच्छिक विषय घेता येतो का? आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबरोबर एकत्र करता येतो का? या दोन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर तुम्ही तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कुंपणाच्या आत असलेल्या साध्या व्यवस्थापन महाविद्यालयात जात आहात. तसे जाणे चूक नाही. पण मग त्यासाठी जादा शुल्क का द्यावे, याचा विचार करावा.

नोकऱ्यांच्या आकड्यांबाबत एकच सूचना. संपूर्ण विद्यापीठाचे आकडे स्वीकारू नयेत, कारण त्यात संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतात. बीबीएच्या मागच्या तुकडीतील किती जणांना काम मिळाले आणि किती जण पुढे शिकायला गेले, एवढेच विचारावे. नवी तुकडी अजून बाहेर पडलेलीच नसेल, तर संस्थेने तसे सांगावे. प्रामाणिक संस्था सांगते.

टप्पा ६ : खर्च आणि सवलत

महाराष्ट्रातील विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्या वर्षासाठी मंजूर झालेला आकडा पाहावा आणि त्यापलीकडे 'विकास', 'उपक्रम' अशा नावांनी रोख मागणी झाल्यास पावती मागावी. अभिमत विद्यापीठांना ही व्यवस्था लागू नसते, म्हणून तिथे सर्व वर्षांचे शुल्क आणि दरवर्षीची वाढ लेखी घ्यावी.

सवलतींच्या बाबतीत कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, हा कळीचा शब्द आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ मिळू लागला. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून निम्म्या शिक्षण शुल्काची मदत आहे. हे लाभ कॅपमधून झालेल्या प्रवेशाला मिळतात. त्याच महाविद्यालयात, त्याच वर्गात, शेजारच्या बाकावर बसलेली मुलगी संस्थास्तरावरील, म्हणजे महाविद्यालयाने कॅपबाहेर स्वतः भरलेल्या, जागेतून आली असेल, तर तिला पूर्ण शुल्क भरावे लागते. 'फेऱ्यांची वाट कशाला पाहता, आत्ताच जागा घ्या' असे कोणी सांगितले, की हा फरक आठवावा.

टप्पा ७ : नोंदणी, गुणवत्ता यादी आणि पसंतीक्रम

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, हा समज दरवर्षी कित्येकांचा प्रवेश चुकवतो. परीक्षा वेगळी आणि कॅपची नोंदणी वेगळी. निकालानंतर नव्याने नोंदणी करावी लागते, शुल्क भरावे लागते, कागदपत्रे अपलोड करावी लागतात आणि त्यांची छाननी पूर्ण व्हावी लागते. त्यापुढचा क्रम असा असतो :

१. तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. त्यात स्वतःचे नाव, प्रवर्ग, गुण आणि पर्सेंटाइल पाहावे. चूक असेल तर हरकतीच्या मुदतीतच नोंदवावी. अंतिम यादीनंतर दुरुस्ती होत नाही.

२. जागांचा तक्ता प्रसिद्ध होतो. टप्पा १ मधील वही इथे कामाला येते. संस्थेच्या नावाबरोबर अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव आणि निवड-संकेतांक जुळवून घ्यावा. एकाच आवारात बीबीए, बीबीए (सीए) आणि बीसीए तिन्ही असतात आणि संकेतांक एखाद्या अंकानेच वेगळे असतात.

३. पसंतीक्रम भरताना खऱ्या आवडीचा क्रम लावावा. 'आपल्याला मिळणार नाही' म्हणून आवडते महाविद्यालय खाली ढकलणारे विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करतात, कारण वाटप गुणवत्तेच्या क्रमाने होते आणि वरची पसंती न मिळाल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. मात्र जिथे प्रत्यक्षात जाणारच नाही, असे नाव यादीत कुठेही ठेवू नये.

४. पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती आपोआप गोठवली जाते आणि पुढच्या फेरीत भाग घेता येत नाही. म्हणून पहिला क्रमांक लिहिताना सर्वांत जास्त विचार करावा. त्याखालची जागा मिळाली, तर ती स्वीकारून थांबायचे की अधिक चांगल्या जागेसाठी पुढच्या फेरीत जायचे, हे त्या वर्षीच्या नियमांनुसार ठरवावे. पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची जागा हातची जाते, हे विसरू नये.

५. जागा स्वीकृती शुल्क भरणे आणि महाविद्यालयात प्रत्यक्ष हजर होऊन प्रवेश निश्चित करणे, ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिले करून दुसरे विसरलेल्यांची जागा रद्द होते.

*सावधान :* पसंतीक्रमाचा अर्ज सायबर कॅफेचालकाकडून भरून घेतला, तरी अंतिम निश्चिती स्वतःच्या लॉगिनमधून, छापील प्रत वाचून, स्वतःच करावी. पासवर्ड कोणालाही देऊ नये. दुसऱ्याने बदललेला क्रम नंतर सिद्ध करता येत नाही.

दिल्लीच्या विद्यापीठासाठी सीयूईटी दिलेल्यांनाही हाच नियम लागू आहे. सीयूईटीचे गुण आपोआप विद्यापीठाकडे प्रवेश-अर्ज बनून जात नाहीत. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत महाराष्ट्रातील कॅपच्या ऐन धावपळीत येते. घरात एक दिनदर्शिका ठेवून दोन्ही प्रक्रियांच्या तारखा वेगवेगळ्या शाईने लिहाव्यात.

टप्पा ८ : प्रवेशानंतरचे पहिले तीस दिवस

मूळ कागदपत्रे जमा करताना त्यांची सही-शिक्क्याची पावती घ्यावी. जागा बदलायची किंवा प्रवेश रद्द करायचा झाल्यास तिच्याशिवाय कागद परत मिळवणे कठीण जाते. श्रेयांक बँकेचे (विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन नोंदवहीचे) खाते उघडून त्याचा क्रमांक महाविद्यालयाला द्यावा. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर विद्यापीठ बदलायचे ठरले, तर श्रेयांक तिथूनच पुढे नेता येतात. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्याच महिन्यात भरावा, बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची शाखेत जाऊन खात्री करावी आणि अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवरून पुढे पाठवला गेला की नाही, हे शिष्यवृत्ती विभागातील लिपिकाला दर आठवड्याला विचारत राहावे.